कन्व्हर्टरची बदली आणि बढती

कन्व्हर्टर मी पलंगाखालच्या खणात बसवला आणि त्याच्यावर दोन रजया आणि एक घोंगडं दाबून भरलं. जागा वाया जाऊ नये, एवढाच माझा हेतू होता.

हा पलंग आमच्या ट्रेलरमधला. जीपच्या मागं ओढायचं चाकावरचं घर ते. आत पलंग, ओटा, बसायचं बाकडं आणि एक छोटा फ्रिज. कागदोपत्री ट्रेलर, मी त्याला कौतुकानं गाडीघर म्हणतो आणि गल्ली त्याला ट्रॉली म्हणते. ऊस भरून कारखान्याला जाते ती आणि आमची, दोघींना एकच शब्द. सुरुवातीला मला राग यायचा. आता मीही ट्रॉलीच म्हणतो.

कन्व्हर्टर म्हणजे या ट्रॉलीचा जीव. घरातली वीज घ्यायची, तिची बारा व्होल्टची करायची, बॅटरी भरायची आणि दिवे, पंखा, फ्रिज चालवायचा, हे त्याचं काम. काम करताना तो तापतो, म्हणून त्याला वारा लागतो. मी त्याला घोंगडं दिलं. पहिल्याच मुक्कामाला, कुरुंदवाडच्या एका दोस्ताच्या शेतात, तो तापून आपोआप बंद पडला. बॅटरी संपली, फ्रिज थांबला आणि बायकोचं इन्शुलिन कोमट झालं. सकाळी तिनं इन्शुलिनचं पेन हातात धरलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "चहा ह्याच्यापेक्षा गार असतोय."

आता सांगायला हवं की ही ट्रॉली मी हौसेपायी केली असं लोक समजतात, ते अर्धंच खरं. बायकोची थोरली बहीण, आमची अक्का, नेसरीच्या पुढं मळ्यातल्या घरात राहते. तिथं फ्रिज नाही आणि वीज पाळीनं येते. गुडघे गेल्यापासून अक्का कोल्हापूरला आमच्याकडं यायची बंद झाली, आणि बायकोला इन्शुलिन लागायला लागल्यापासून ही तिथं राहायची बंद झाली. सकाळी जायचं, जेवायचं, संध्याकाळच्या आत परत. एकदा बर्फाच्या डब्यात औषध नेऊन बघितलं, तर बर्फाचं पाणी झालं आणि पेनं त्यात पोहत होती. दोघी बहिणी फोनवर रोज तासभर बोलतात आणि फोन ठेवताना रोज एकच वाक्य: "एक रात्र तरी ऱ्हायला पायजे गं." ते वाक्य ऐकून ऐकून मी ट्रॉली बांधून घेतली. आणि मग तिच्यातलं एकच यंत्र घोंगड्यात गुंडाळलं.

कुरुंदवाडहून परत आलो तर शेजारी दारात. त्याला आमच्या ट्रॉलीत मिसळीचा गाडा काढायचा होता, पहिल्या दिवसापासून.

"काय पावणं, लौकर आलासा? चालंना व्हय? द्या की मग मला. रस्सा काय थंड ठेवाय लागत न्हाय."

मी काही बोलायच्या आत बायको बोलली. "अजून एक डाव बघतो. अक्काच्यात जाऊन दोन रात्री औषध गार ऱ्हायलं तर ठेवू. न्हाय ऱ्हायलं तर घेऊन जावा तुमी."

म्हणजे अट ठरली. मी त्या दिवशी मनाशी पक्कं केलं की ही ट्रॉली मिसळीला जाणार नाही. माझं राजारामपुरीत चष्म्याचं दुकान आहे. आयुष्यभर बारीक स्क्रू फिरवले आहेत. कन्व्हर्टरचे स्क्रू तर त्यामानानं ढोबळ. तेव्हा काम स्वतःच करायचं ठरवलं.

ट्रॉली बांधून देणारा माझा दोस्त उद्यमनगरात असतो. त्यानं मला वेल्डिंगची जाड वायर दिली, आणि सल्ला दिला तो असा: कन्व्हर्टर बॅटरीच्या जवळ आण, वायर आखूड आणि जाड ठेव, आणि त्याच्या तोंडापुढं काही ठेवू नकोस. पहिल्या दोन गोष्टी मी लक्षात ठेवल्या.

बॅटरी होती पुढं, जीपला जोडायच्या दांडीवरच्या पेटीत. कन्व्हर्टर होता पार मागं, पलंगाखाली. मधल्या लांबलचक बारीक वायरमध्येच निम्मी वीज दमत होती. म्हणून मी त्याची बदली केली थेट पुढच्या टोकाला, ओट्याखालच्या कप्प्यात. आणि नुसती बदली नाही, बढतीही. जुना काढून टाकला आणि त्याच्या दुप्पट ताकदीचा नवा आणला, जो वीज असेल तेवढ्या वेळात बॅटरी घाईघाईनं भरून घेतो. पाळीच्या विजेला असाच हवा. त्याला पुढच्या बाजूला एक दणकट पंखा होता. जोर पडला की तो सुरू होणार आणि गरम हवा कप्प्याच्या जाळीतून बाहेर, ओट्यासमोर फेकणार.

जाळीसाठी भोक पाडलं ते आधी चुकीच्या फळीला पडलं. त्यामुळं बायकोच्या कपड्यांच्या कपाटाला आता खिडकी आहे. दुसरं भोक बरोबर पडलं. जाड वायर फरशीच्या खालच्या नळीतून जाईना, तेव्हा पोत्यावर उताणा पडून, तिच्या टोकाला दोरा बांधून, लेंग्यात नाडी ओवतात तशी ओवली. मग बॅटरीला तारा जोडल्या. दोन्ही तारा काळ्या, कारण रीळ एकाच रंगाचं मिळालं होतं. खूण करायची राहिली. उलट्या जोडल्या गेल्या आणि फट्‍ आवाज झाला.

पायरीवर लसूण सोलत बसलेली बायको म्हणाली, "झाली का दिवाळी?"

"फ्यूज गेला. त्याच्यासाठीच असतो तो."

"तुमच्यासाठी बी असाय पायजे हुता एक."

नवे फ्यूज आणले, एका तारेला लाल चिंधी बांधली आणि पुन्हा जोडलं. या वेळी हिरवा दिवा लागला. फ्रिज गुणगुणायला लागला. मी उगाच दोनदा दार उघडून आत हात घालून बघितला. शेजारी कुंपणावरून बघत होता. त्याचा चेहरा पडलेला बघून मला जे सुख झालं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

निघायच्या दिवशी बायकोनं अक्कासाठी नव्या कांदा-लसूण चटणीचा मोठा डबा भरला. त्याच आठवड्यात मसाल्याच्या डंकावरून कुटून आणलेली, कोरडी, लालभडक. डबा हातात घेऊन जीपमध्ये चढताना म्हणाली, "मांडीवर ऱ्हाऊ दे हा. झाकण जरा सैल हाय."

"मांडीवर कशाला त्रास? मागं जागा आहे की," मी म्हणालो. जागा खरंच होती. ओट्याखालच्या कप्प्यात कन्व्हर्टरच्या पुढं बरोबर डब्याएवढी जागा रिकामी दिसत होती, आणि रिकामी जागा मला बघवत नाही. डबा तिथं चपखल बसला.

गडहिंग्लजच्या पुढं रस्त्यानं आपलं काम केलं. मला आवाज आला नाही.

मळ्यात पोचलो तेव्हा वीज नव्हती. विहिरीवरच्या मोटारीच्या खोपीतून लांब वायर ओढून मी ट्रॉलीला जोडून ठेवली. आली की आली. अक्का गुडघे धरत बाहेर आली, बहिणीला बघून रडली, मग मला बघून थांबली. बायकोनं तिला हाताला धरून आत नेऊन पलंगावर बसवलं. आजूबाजूच्या मळ्यातल्या बायका जमल्या. त्यांना ओटा दाखव, नळ दाखव, फ्रिज उघडून औषध दाखव, असं चाललं होतं. "आज मुक्काम हितंच हाय आमचा," असं बायको प्रत्येकीला वेगळं सांगत होती. कपाटाची खिडकी मात्र तिनं पाठीनं झाकून धरली होती. मी दारात उभा राहून, आपल्याला कुणी काही विचारेल का याची वाट बघत होतो.

तेवढ्यात वीज आली.

प्रवासात बॅटरी बरीच उतरली होती, त्यामुळं नवा कन्व्हर्टर एकदम जोरात लागला आणि त्याचा पंखा सुरू झाला. डबा कप्प्यात आडवा झालेला, झाकण कुठंतरी, आणि अर्धी चटणी पंख्याच्या तोंडापुढं. जाळीतून लाल धुराळा बाहेर आला. पहिली शिंक अक्काची. त्यानंतर कोण कुणाची हे कळेना.

"मिरची! अगं मिरची उडाली!"

"डोळं गेलं माजं!"

"सरक की, बाई, दारातनं!"

बायका धडाधड उतरल्या. अक्का मात्र पलंगावर अडकली. गुडघे असे पटकन उठू देणार नव्हते. मी टॉवेल भिजवून तोंडाला बांधला, आत शिरलो, तिला दोन्ही काखांत धरून खाली आणली. ती शिंका आणि शिव्या एकाआड एक देत होती. मग पुन्हा आत जाऊन मी कन्व्हर्टर बंद केला.

बंद केला आणि लक्षात आलं की वीज फक्त संध्याकाळपर्यंत आहे. तेवढ्यात बॅटरी भरली नाही तर फ्रिज सकाळपर्यंत टिकणार नाही. औषध जाणार, मुक्काम जाणार, ट्रॉली मिसळीला जाणार.

बायको बाहेरून म्हणाली, "ऱ्हाऊ दे आता. जाऊ या परत."

"परत जायचं नाही," मी म्हणालो.

जीपच्या डिकीत दुकानाची पेटी होती. काचा झाडायचा मऊ ब्रश आणि धूळ उडवायचा रबरी फुगा घेऊन मी कप्प्यासमोर पोटावर आडवा झालो. वायर काढून जाळी सोडवली, पंख्याचं एकेक पातं पुसलं, कोपऱ्यातली चटणी कागदावर काढली. डोळ्यांतून इतकं पाणी येत होतं की मला काहीच दिसत नव्हतं. जगाला चष्मे लावणारा माणूस नेसरीच्या मळ्यात बोटांनी चाचपत स्क्रू शोधत होता. शेवटी जाळी बसवली, वायर लावली. पंखा फिरला. नुसती हवा आली. हिरवा दिवा लागला तो मला दोन-तीन ठिकाणी दिसला.

वीज दिवस मावळेपर्यंत राहिली. बॅटरी काठोकाठ भरली.

सकाळी मी उठायच्या आधीच बायकोनं फ्रिज उघडला होता. पेन मनगटाला लावून बघितलं, मग खात्री करायला गालाला लावलं. बाहेर चुलीजवळ बसलेल्या अक्कासमोर गेली आणि तिच्याही गालाला लावलं.

"गार हाय गं!" अक्का म्हणाली.

"मग? आजबी हितंच."

दुसऱ्या सकाळीही पेन तसंच गार निघालं. बायकोनं शेजाऱ्याला फोन लावला. "ट्रॉली द्यायची न्हाय आमाला. दुसरं बघा कायतरी." मी छाती जरा पुढं काढून चहा प्यायला लागलो. कुणीतरी दोन शब्द बोलेल असं वाटत होतं.

अक्का भाकरी थापता थापता बहिणीला म्हणाली, "आता वरच्यावर येत जा गं. ट्रॉली घिऊन. ह्या पावण्यास्नी आणायलाच पायजे असं काय न्हाय."

"अक्का," मी म्हणालो, "मग ट्रॉली ओढणार कोण?"

तिनं मान वर केली नाही. "बैल लावू की. सांगितल्यालं ऐकत्यात तरी ती."