जिभेला लावलेलं बोट

"तुमची मुलगी वांड नाही, आजारी आहे." डॉक्टर मॅडम असं म्हणाल्या तेव्हा मला आधी बरं वाटलं आणि मग भीती वाटली.

प्रांजल तेव्हा सहा वर्षांची होती. सरकारी दवाखान्यात लहान मुलांच्या ओपीडीत माझ्या मांडीवर बसून माझं मंगळसूत्र ओढत होती. मॅडमच्या हातात तिच्या रक्ताचा रिपोर्ट होता. "ब्लड लेड जास्त आलंय," त्या म्हणाल्या. "लेड म्हणजे शिसं. ते हिच्या रक्तात गेलंय."

मी म्हणाले, ही पेन्सिल चावते. त्या म्हणाल्या, पेन्सिलीला आपण शिसपेन्सिल म्हणतो, पण तिच्यात शिसं नसतं. हे दुसरीकडून आलंय.

आधी ती अशी नव्हती. अंगणवाडीत तिला सगळे हौसेनं मांडीवर घ्यायचे. पहिलीत गेली आणि पोट दुखतं म्हणू लागली. जेवायची नाही, शौचाला साफ होत नव्हतं. गल्लीतल्या डॉक्टरांनी जंताची गोळी दिली. मग तिचा स्वभावच पालटला. ताट फेकायची. एका मुलीच्या दंडाला चावली. येणारी अक्षरं विसरली. शाळेतून दर आठवड्याला बोलावणं यायचं. वर्गाच्या मॅडमच्या खुर्चीसमोर उभं राहून मी "चुकलं मॅडम" म्हणायची आणि परत यायची.

शेजारच्या बाया म्हणायच्या, बापावर गेली. तिचे पप्पा म्हणायचे, "मी कोणाला चावलो गं आजवर?" हसवायला म्हणायचे, पण रात्रभर कूस बदलत राहायचे.

राग ओसरला की ती कपाटामागं जाऊन बसायची. एकदा तिथूनच विचारलं, "मम्मी, मी खराब हाय का?" त्याच दिवशी मी तिला मारलं होतं.

शेवटी पोटदुखीसाठीच मोठ्या दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं तर अ‍ॅनिमिया निघाला. अ‍ॅनिमिया म्हणजे अंगात रक्त कमी असणं. डॉक्टर मॅडमनी विचारलं, घरी कोण काय काम करतं? तिचे पप्पा म्हणाले, चिकलठाण्याच्या कंपनीत पॅकिंगला आहे. मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणाले, "मी काही नाही करत. घरीच असते."

मॅडम लिहू लागल्या. तेवढ्यात प्रांजल म्हणाली, "मम्मी पुड्या भरते. मी पण."

"कशाच्या पुड्या?"

"शेंदराच्या."

"कशी भरतेस गं? दाखव बरं."

टेबलावर गोळ्यांची एक रिकामी पिशवी पडली होती. प्रांजलनं ती उचलली, बोट जिभेला लावलं, पिशवीचं तोंड चोळून उघडलं, आत खोटंखोटं काहीतरी टाकलं. परत बोट जिभेला लावलं.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "हे तू कुणाकडून शिकलीस?"

तिनं माझ्याकडं बोट केलं.

औरंगपुऱ्यातल्या पूजासाहित्याच्या एका दुकानातून आमच्या गल्लीत माल यायचा. हळद, कुंकू, शेंदूर. त्याच्या बोटभर पुड्या करायच्या. प्लॅस्टिकच्या पिशव्यांची तोंडं चिकटलेली असतात, ओल्या बोटाशिवाय उघडत नाहीत. दिवसाला शेकडो वेळा बोट जिभेवर जातं. आणि ही चिडली की शांत बसावी म्हणून मीच तिच्यापुढं पिशव्यांची चवड ठेवायची. तेवढा वेळ ती खरंच शांत बसायची. मला वाटायचं, मला उपाय सापडला.

लेडच्या तपासणीचं रक्त बाहेरच्या लॅबला गेलं. आठ दिवसांनी रिपोर्ट आला तो हा.

मॅडमनी समजावून सांगितलं. पुष्कळसा शेंदूर शिशापासून करतात. लहान मुलांचं अंग शिसं लवकर ओढून घेतं. ते मेंदूवर काम करतं. मग मूल चिडतं, मारतं, एका जागी बसत नाही, शिकलेलं विसरतं. आपण त्याला स्वभाव म्हणतो. मी विचारलं, हे जाईल का? त्या म्हणाल्या, "रक्तातलं कमी होईल. मेंदूचं किती भरून येईल ते आज सांगता येणार नाही. पण ती शिकेल. तिला वाईट म्हणू नका, एवढं करा."

चिलेशन म्हणून एक इलाज असतो, त्यात औषध शिशाला बांधून लघवीवाटे बाहेर काढतं. तिला तो लागला नाही. लोहाचं पातळ औषध, कॅल्शियम, वेळेवर जेवण, आणि घरातून शेंदूर हद्दपार. घर झाडायचं नाही, ओल्या फडक्यानं पुसायचं. मी दोन दिवस भिंतीसुद्धा पुसल्या. फडकं शेंदरी निघत होतं. तिच्या उशीवर रंग दिसत नव्हता, पण धुऊन पिळली तर पाणी शेंदरी आलं.

गुरुवारी रिक्षातून माल आला. माल घ्यायला शेजारच्या शाहीनआपांच्या ओट्यावर आम्ही सात-आठ जणी जमायचो. चार माणसांत मी कधी बोलत नाही. त्या दिवशी शेंदराचं पोतं उतरू लागलं तेव्हा म्हणाले, "भाऊ, हे नको."

माल आणणारा हसला. "वहिनी, देवाचा माल हाय. त्यानं कुणाला काय व्हतंय?"

"देवाच्या अंगावर असतो भाऊ. माझ्या पोरीच्या पोटात गेला."

मग मी सगळं सांगितलं. बोटाचं, रिपोर्टचं, कपाटामागचं. मधे थांबले नाही. शाहीनआपांचा हात कपाळावर गेला. "अगे माँ, मेरा छोटा बी वैसाइच करता!" त्यांनी पोतं पायानंच मागं सरकवलं. "लेके जाव भाई. वातींचा कापूस लाव."

तो कुरकुरला, पण पुढच्या आठवड्यापासून कापूस आणू लागला. तिघींनी पोरं तपासून घेतली. आपांच्या धाकट्याचं जास्त निघालं, पण प्रांजलपेक्षा कमी. वेळेवर कळलं, असं मॅडम म्हणाल्या. ते ऐकून मी दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून रडले. आनंदानं रडले.

बायांनो, दवाखान्यात कुणी विचारलं काय काम करता, तर "काही नाही" म्हणू नका. मी म्हणाले होते. पोर बोलली म्हणून कळलं.

आता प्रांजल तिसरीत आहे. रिपोर्ट दर वेळी खाली येतोय. पाढे अजून अडखळतात, राग अजून येतो. पण आता राग आला की सांगते, "मम्मी, मला राग आलाय," आणि माझ्याजवळ येऊन बसते. कपाटामागं जात नाही.

गेल्या महिन्यात शाळेतून परत बोलावणं आलं. वर्गाच्या मॅडमच्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहिले. मॅडम म्हणाल्या, "तुमच्या मुलीनं मला सगळ्या वर्गासमोर टोकलं. हजेरीचं पान उलटायला मी बोट जिभेला लावलं, तर उभी राहून म्हणते, मॅडम, बोट तोंडात घालू नका."

त्या खुर्चीसमोर मी दर वेळी मान खाली घातली होती. या वेळी वर पाहिलं.

"बरोबर सांगितलं तिनं," मी म्हणाले.