अ‍ॅम्प्लिफायरची घरघर

निवृत्तीनंतर मी हौसेनं महागडा अ‍ॅम्प्लिफायर घेतला, पण नागपूरजवळच्या सौंसरच्या घरी तो पहिल्या दिवसापासून घरघर करायचा. पुण्यातला एक माणूस असे अ‍ॅम्प्लिफायर एकट्यानं हातानं बनवतो; माझाही त्याचाच. त्यानं फोनवर सांगितलं, "अर्थिंगची माती सुकली असेल, खड्ड्यात पाणी टाका."

मला बादल्या ओतताना पाहून बायको म्हणाली, "संत्र्याला पाणी नाही, अन् तुम्ही खड्ड्याला देऊन राहिले?"

घरघर थांबली नाही. दोनदा बसनं नागपूरला जाऊन त्याला पार्सल केलं. दोन्ही वेळा अ‍ॅम्प्लिफायर तपासून परत आला आणि घरी पुन्हा घरघरला. तिसऱ्या फोनला तो माणूस म्हणाला,

"काका, माझ्याकडे तो आवाज येतच नाही. खरं सांगतो, मला समजत नाही."

मला रागही आला नाही. आम्ही दोघंही थकलो होतो. "राहू द्या," म्हटलं, आणि त्या घरघरीतच गाणं लावलं.