तळ दिसणारं पाणी

घर बघायला कधी येऊ, असं फोनवर विचारलं तर हिराजीकाका म्हणाले, "भरती लागली का या." मला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. तळवलीत त्यांची तीन मजली इमारत, आम्ही भाडेकरू म्हणून येणार, आणि घरमालक वेळ सांगतोय ती खाडीच्या पाण्याची! पण ती चेष्टा नव्हती. शेती गेली, मिठागर गेलं, जमिनीवर इमारत उभी राहिली, तरी काकांचं घड्याळ खाडीवरच चालत होतं.

सकाळी गच्चीवरून खाडीकडे एकदा बघायचे आणि कुठे किती पाणी असेल ते सांगायचे. आळीतली माणसं खिशात मोबाइल असूनही त्यांना विचारूनच होडी सोडायची. "मोबाइल कदी चिकलान रुतलाय काय?" हे काकांचं ठरलेलं. मी लहानपणी विहिरीत पडलेली, पाणी बघितलं की चार पावलं मागे सरते. त्यावर म्हणायचे, "घाबरतंस कशाला गो बाय? मी हाय ना." आणि खरं सांगते, मला ते पटायचं.

काकी गेल्या आणि काका गप्प झाले. आम्ही अंदमानला निघालो होतो, तर नवऱ्याने त्यांना गळ घातली. आले बिचारे. तिथे या बेटावरून त्या बेटावर जायचं म्हणजे सगळा कारभार बोटीच्या मर्जीवर. वारा वाढला की बोट रद्द, बोट सुटली तर तिकिटं संपलेली, आणि मोठी बोट जात नाही तिथे डुंगी, म्हणजे इंजिन लावलेली छोटी होडी. मी दरवेळी देवाचं नाव घेत चढायचे. काकांचा हात धरला की जीव थाऱ्यावर यायचा. दोन दिवसांत काका खुलले. होडीवाल्यांना सल्ले द्यायला लागले, "ए भाय, नांगर उदर डाल, इदर खडक हाय."

तिसऱ्या दिवशी डुंगी एका लहान बेटाजवळ आली. तिथे धक्का नव्हता, पाण्यात उतरून किनाऱ्यावर चालत जायचं होतं. होडीवाला मागे इंजिनशी खटपट करत होता. उतरायचंच आहे म्हणून मी लाइफ जॅकेट काढून ठेवलं. तो शहाणपणा माझाच. काकांनी वाकून बघितलं. खालची वाळू, शंख, सगळं लख्ख. म्हणाले, "उतर गो बाय. गुडघ्याएवडा पानी हाय. तल दिसतंय."

आमच्या खाडीचं पाणी गढूळ. तिथे तळ दिसला म्हणजे फार तर गुडघा बुडेल. सत्तर वर्षं त्यांचा हा अंदाज कधी चुकला नव्हता. नवरा "थांब जरा" म्हणत होता. मी थांबले नाही. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी पाय बाहेर टाकला नसता.

पायाला काही लागलंच नाही. दीड पुरुष पाणी होतं. नाकातोंडात पाणी गेलं, वरचा उजेड लांब लांब जायला लागला. होडीवाल्याने उडी मारून वेणीला धरून मला ओढलं. काकांनीही उडी टाकली होती, पण त्यांचा हात माझ्यापर्यंत पोचला नाही.

किनाऱ्यावर मी खोकत पडले होते. काका पाठीवरून हात फिरवायला आले. मी तो झटकला आणि दहा परक्या माणसांसमोर ओरडले, "तुम्हाला पाण्यातलं काही कळत नाही! मारलं असतंत मला!"

काका मागे सरकले. उरलेले दिवस होडीत चढण्याआधी ते लहान मुलासारखे विचारायचे, "भाय, पानी कितना?" तळवलीला परतल्यावर त्यांनी गच्चीवर जाणं सोडलं. कुणी भरतीचं विचारलं तर म्हणायचे, "मना नको इचारू." का, ते त्यांनी गावात कुणाला सांगितलं नाही. मीही नाही.

माझा राग आठवडाभरात गेला होता. मग लाज वाटायला लागली, आणि मेल्या त्या लाजेपायी मी तोंड उघडेना. जिन्यात रोज भेट व्हायची. दूधवाल्याबद्दल बोललो, लाइट बिलाबद्दल बोललो, तेवढं सोडून सगळं बोललो. अशी दोन वर्षं काढली मी.

काका दवाखान्यात होते तेव्हा एक दिवस मी पेज घेऊन गेले. त्यांची सून औषधं आणायला खाली गेली होती. मी म्हटलं, "काका, त्या दिवशी फार वाईट बोलले मी. माफ करा."

त्यांनी माझा हात धरला. "तू वरडलीस ना, तवा मना कलला, तू जित्ती हायस. तवर माजाच जीव गेलता. बरा वाटला गो मना."

मला रडू आवरेना. थोड्या वेळाने ते छताकडे बघत म्हणाले, "पन बोललीस ता खरा होता."

"नाही हो काका. रागात बोलले. खोटं होतं ते."

काकांनी माझा हात थोपटला आणि तोंड भिंतीकडे केलं. चार दिवसांनी ते गेले. मला त्यांनी माफ केलं होतं. स्वतःला केलं नाही, आणि त्यासाठी मी दोन वर्षं उशिरा पोचले होते.