एकटीला सुटेल अशी गाडी

झेनिया पावलुकला मोटरहोम नको होतं असं कुणी म्हणेल, तर ते खरं नाही. कॅनडातल्या सस्काचेवानच्या माळावरचा हिवाळा तिनं हाडं कुरकुरेपर्यंत सोसला होता. गव्हाची कापणी उरकली, पहिलं बर्फ भुरभुरलं, की गावातली अर्धी म्हातारी मंडळी दक्षिणेला ॲरिझोनाच्या उन्हात जाऊन बसत, आणि ही मागं राहून त्यांच्या बंद घरातले नळ गोठले नाहीत ना, ते बघत फिरे. त्यामुळं शेजारगावच्या एका विधवेचं जुनं मोटरहोम नवऱ्यानं, ओरेस्टनं, दारात आणून उभं केलं तेव्हा तिनं काही कटकट केली नाही. आत जाऊन शेगडी पेटते का ते पाहिलं आणि पडद्यांचं माप घेतलं.

अडलं ते मागच्या गाडीवर.

घराएवढं धूड घेऊन दूध आणायला कोण जाणार? म्हणून लोक मोटरहोमच्या मागं एखादी लहान गाडी बांधून नेतात. मुक्कामी पोचलं की धूड एका जागी लावायचं आणि लहान गाडी सोडवून हिंडायचं. पावलुकांकडं झेनियाची लाल गाडी होती. पन्नाशी उलटल्यावर ती गाडी शिकली होती, आणि शाळेच्या स्वयंपाकघरात कोबीच्या पानांत सारण वळून वळून मिळवलेल्या पगारातून तिनं ही घेतली होती. ती मागं कशी न्यायची, यावर कर्लिंगच्या, म्हणजे बर्फावर दगड सरकवायच्या खेळाच्या, रिंगणाशेजारच्या कँटीनमध्ये रोज सकाळी खल चाले. काउंटरमागं कॉफी ओतायला झेनियाच असे. तिला सगळं ऐकू येई.

"चारी चाकं रस्त्यावर ठेव आन् वढ," मेट्रो कुझिक म्हणायचा. हा ओरेस्टचा शाळेपासूनचा दोस्त, ॲरिझोनाच्या कितीतरी वाऱ्या केलेला. "दांडा अडकवला, खिट्टी मारली, चालला गडी."

"हिची गाडी तशी चालत न्हाई. गिअरबॉक्स जळतो."

"मग वीक ती."

"तूच सांग की तिला. मी हितं बसून बघतो."

मेट्रोनं काउंटरकडं एकदा पाहिलं आणि विषय बदलला. "अख्खी ट्रेलरवर चढव मग."

"एवढं वजन आपल्या हुकाला झेपत न्हाई."

"म्हंजी डॉलीच. पण एक ध्यानात ठेव गड्या. डॉली लावली की मागं घ्यायचं नाव काढायचं न्हाई. हातभर सुद्धा न्हाई."

यावर ओरेस्ट नुसता हसला. नगरपालिकेचा रस्ते सपाट करायचा ग्रेडर त्यानं उभा जन्म चालवला होता. धान्याचा ट्रेलर एका दमात गोदामात मागं घ्यावा तर ओरेस्टनंच, असं पंचक्रोशीत बोललं जाई. त्याला रिव्हर्सबद्दल सांगणं म्हणजे पाद्र्याला क्रूसाची खूण करायला शिकवणं.

झेनियाला या गप्पांत रस होता, पण तिचा प्रश्न वेगळा होता. तो तिनं कुणापुढं मांडला नव्हता. वसंतात ओरेस्ट याच रिंगणात बर्फावर पडला होता. घसरलो, असं तो सगळ्यांना सांगे. तो घसरला नव्हता. उभ्या उभ्या त्याचे डोळे फिरले आणि तो कोसळला, हे तिनं काउंटरमागून पाहिलं होतं. मग डॉक्टरांनी छातीत मशीन बसवलं आणि गाडी चालवायची परवानगीही दिली. त्यामुळं ओरेस्टच्या लेखी ते प्रकरण संपलं. झेनियाच्या लेखी ते आता सुरू होत होतं. वाटेत मोंटानाच्या कुठल्यातरी उजाड रस्त्यावर हा असाच कोसळला, तर ते धूड तिला चालवता येत नव्हतं. चालवता येत होती ती लाल गाडी. आणि ती मागं बांधलेली असणार. मग ती एकटीला सुटेल का?

डॉलीला दोन चाकं आणि वर एक बुटका पाळणा. गाडीची पुढची चाकं पाळण्यात चढवायची, पट्ट्यांनी करकचून आवळायची, मागची चाकं रस्त्यावर पळत राहतात. मेट्रोच्या चुलतभावाकडून डॉली उसनी आणली. ओरेस्टनंच गाडी चढवली, ओरेस्टनंच पट्टे आवळले. "मला दाखव की," झेनिया म्हणाली.

"तुझी नखं तुटतील."

"मला कधी होती नखं?"

"तळ्यावर पोचलो की दाखवतो. चल, बस."

एका रात्रीपुरतं तळ्याकाठी जाऊन यायचं, एवढीच चाचणी होती. वाटेत पुलाचं काम निघालं होतं, रस्ता बंद. ओरेस्टनं जराही विचार न करता डावीकडं मातीच्या रस्त्याला धूड वळवलं. "हा रस्ता माझ्या हातचा हाय. ह्याचा खड्डा न् खड्डा मी बुजवलाय."

बुजवले होते खरे, पण तो निवृत्त झाल्यापासून तिकडं कुणी फिरकलं नव्हतं. उतारावरून खाली आले तर पुढं रस्ताच नाही. झाडं कुरतडणाऱ्या बीव्हरांनी ओढ्यात बांध घातलेला, आणि रस्त्यावर या कडेपासून त्या कडेपर्यंत काळं पाणी. दोन्ही बाजूंना खोल चर. वळायला जागा नाही.

ओरेस्टचा हात रिव्हर्सवर गेला.

"मेट्रो काय म्हणाला होता?"

"मेट्रो बोलतच असतो."

"ओरेस्ट, आधी गाडी सोडवू या."

"तू आरशात बघ आन् गप बस."

तिनं आरशात पाहिलं. थोडा वेळ सगळं सरळ सरकलं, मग डॉली एकीकडं आणि लाल गाडी दुसरीकडं दुमडली. काडकन् आवाज झाला. ओरेस्टनं ब्रेक दाबला आणि तो खाली उतरला. मागोमाग तीही उतरली. लाल गाडीचा पुढचा पत्रा डॉलीच्या कडेवर चेपून बसला होता, पट्टे सतारीच्या तारेसारखे ताणले होते.

ओरेस्ट गुडघ्यांवर बसला आणि पट्ट्याची खुट्टी उचकटायला लागला. एकदा, दोनदा. मग त्यानं कपाळ टायरला टेकलं. झेनियाला वाटलं, शरमला. पण त्यानं तोंड वळवलं तेव्हा ते राखेच्या रंगाचं झालं होतं.

"जरा दम लागलाय," तो म्हणाला आणि तसाच मातीत बसला.

तिनं फोन काढला. त्या खोलगटात रेंज मिळत नव्हती. ती खुट्टीशी झटली. हात सोलला, खुट्टी हलली नाही. आतून पाना आणून त्यावर उभी राहिली, तरी नाही. एवढे दिवस मनात घोळलेला प्रसंग तो हाच, फक्त मोंटानाऐवजी घरापासून तासाभराच्या अंतरावर. आणि गाडी सुटत नव्हती.

"झेनू," ओरेस्ट पुटपुटला. "धूड... जरा पुढं घेतलं की पट्टा ढिला पडंल."

"कोण घेणार?"

त्यानं तिच्याकडं बोट केलं.

ती चढली. सीट तिच्यासाठी फारच मागं होती, आणि ती पुढं कशी सरकवायची ते तिला माहीत नव्हतं. टोकावर बसून तिनं पाय ताणला. समोर काच आणि काचेपलीकडं पाणी. ब्रेक सोडला तेव्हा ते घर तिच्यासकट हललं आणि तिच्या तोंडून देवाचं नाव लहानपणच्या युक्रेनी भाषेत निघालं. पाण्याच्या अगदी काठावर तिनं ब्रेक दाबला.

पट्टे ढिले पडले होते. ते सुटले. साखळी सुटली. लाल गाडी तिनं पाळण्यावरून मागं उतरवली, ओरेस्टला काखेत धरून आत बसवलं आणि दवाखान्याची वाट धरली. चेपलेला पत्रा टायरला घासत होता. त्या आवाजात मध्येच नवऱ्याचा श्वास ऐकू येईना, की ती त्याच्या मांडीला चिमटा काढायची.

"जिता हाय," तो म्हणायचा.

तीन दिवसांनी तो घरी आला. डॉक्टरांनी छातीतलं मशीन नीट बसवलं, गोळ्या बदलल्या. मेट्रोनं ट्रॅक्टर लावून मोटरहोम परत आणलं होतं. तो भेटायला आला तो बायकोनं उकडून दिलेल्या बटाट्याच्या करंज्यांचा डबा घेऊन, आणि टोमणे मारायचं विसरून गेला, यावरूनच झेनियाला कळलं की ओरेस्ट कसा दिसत असेल.

"जायचं रद्द," ओरेस्ट खिडकीबाहेर बघत म्हणाला. "इकून टाकतो डबडं."

"आणि इथं पडलास तर?" झेनियानं विचारलं. "हिमवादळात? इथं काय रस्ते उघडे असतात?"

"मग काय करायचं म्हणतेस?"

"माझी गाडी विकायची. चारी चाकांवर ओढता येते अशी घ्यायची. बांधणार मी, सोडणार मी. आणि मेट्रो, तू मला ते धूड चालवायला शिकवायचं. हा नाही. हा ओरडतो."

मेट्रोनं दोस्ताकडं पाहिलं. दोस्तानं मान डोलावली. एरवी वाद घालणारा माणूस भांडलाही नाही, हे झेनियाला फार लागलं.

लाल गाडी पत्रा ठोकून विकली. शेतावर वापरायची असते तशी उंच, खडबडीत गाडी आली. तिची चाकं यंत्रापासून मोकळी करायला वेगळा खटका होता. झेनियाला ती आवडली नाही. ऑक्टोबरच्या एका दुपारी तिनं ती मोटरहोमच्या मागं बांधली, अंगणात खुर्ची मांडली आणि ओरेस्टला त्यात बसवलं.

"आता तू मेलायस. बोलायचं नाही."

"पूर्ण का अर्धा?"

"मेलेला विचारतो का?"

तिनं साखळ्या काढल्या. तारा काढल्या. पहिली खिट्टी सुटली, दुसरी अडकली, दांड्यावर ताण होता. ती खिट्टी ओढत राहिली. खुर्ची करकरली. ओरेस्ट अर्धा उठला होता, हात पुढं आलेला.

"बस खाली."

"अगं, फक्त जरा—"

"तिथं कोण असणार आहे मला जरा सांगायला?"

तो बसला. हात कुठं ठेवावेत ते त्याला कळेना. शेवटी ते त्यानं मांड्यांखाली दाबून धरले. झेनिया गाडीत चढली, ती वीतभर पुढं घेतली, ब्रेक ओढला, उतरली आणि खिट्टीवर हातोडी मारली. खिट्टी निघाली. दोन्ही वाहनं सुटी झाली.

तिनं वळून पाहिलं. वाऱ्यानं त्याचे डोळे पाणावले होते, किंवा वाऱ्यानं नसतील.

"म्हंजी आता मी मोकळा," ओरेस्ट म्हणाला.

झेनियाला हसू आलं नाही. तिनं खिट्टी स्कर्टला पुसली, दांडा उचलून पुन्हा हुकाशी आणला आणि त्याला म्हणाली, "गप. अजून एकदा करायचंय. आणि या खेपेला उठलास तर मी ॲरिझोनाला जाणार नाही."