आंबोलीच्या पायथ्याशी ओव्हर झालेला कार्बोरेटर

राळेचा वास आला की आजही माझं डोकं फिरतं. पावसाळ्याआधी होड्या वर ओढून ठेवल्या की फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासतात आणि त्यावर तेलात उकळलेली राळ भरतात. बाहेरून आलेल्या लोकांना तो वास आवडतो म्हणे. मी बंदरावरून नाक दाबून जातो. घरच्यांना वाटतं, म्हातारा झालाय, आता कशावरही चिडतो. कशावरही नाही, राळेवर चिडतो.

आमचं घर वेंगुर्ल्याच्या बंदरालगत. थोरला भाऊ मुंबईला गोदीत लागला आणि तिथलाच झाला. त्यामुळे वडिलांच्या होडीवर दुसरा हात म्हणून मीच उरलो, आणि मला तर समुद्राचा वीट होता. होडी हलली की माझ्या पोटात ढवळायचं. मासेमाराच्या पोराला होडी लागते यावर सगळी वाडी पोट धरून हसायची. शेवटी मी बाजारातल्या ट्रकदुरुस्तीच्या शेडमध्ये जायला लागलो. वडील काहीच बोलले नाहीत. ते बोलत नसत, हीच तर पंचाईत होती. ओरडणाऱ्या माणसाशी निदान भांडता येतं.

गोवा मोकळा झाल्यावर तिकडच्या विलायती गाड्या आमच्या बाजूला दिसू लागल्या. काजूच्या एका कारखानदाराच्या मुलाने पणजीहून अशीच एक आणली. दोन माणसांची, बुटकी, लाल, लांबलचक नाकाची. शर्यतीत पळवायची गाडी. तिच्या इंजिनाला एक सोडून दोन कार्बोरेटर होते. माणूस दिलदार होता, पण उतावळा. कोल्हापूरला घाट चढायची शर्यत होती, तिथे त्याला उतरायचं होतं. गाडी मात्र घराच्या फाटकापर्यंत जाईना. काळा धूर, ओले प्लग आणि पेट्रोलचा घमघमाट.

शेडच्या मालकाने हात वर केले. मी केले नाहीत. गाडीवाला साहेब मला म्हणाला, "ही गाडी घाट चढून कोल्हापूरला पोचली, तर तुला तिथंच माझ्या मित्राच्या वर्कशॉपमध्ये लावून देतो. कायमचा." मला आणखी काय पाहिजे होतं? कोल्हापूरला समुद्र नाही.

कार्बोरेटर ओव्हर होतो म्हणजे काय होतं, ते सांगतो. त्याच्या शेजारी एक वाटी असते, तिच्यात पितळेचा पोकळ फ्लोट. पेट्रोल भरलं की फ्लोट वर येतो आणि झाकणातली सुई दाबून पेट्रोल बंद करतो. संडासाच्या टाकीत असतो तसाच प्रकार. फ्लोट वर आला नाही, की पेट्रोल येतच राहतं आणि ओसंडून वाहतं. त्या गाडीचा पेट्रोलचा पंप विजेवरचा होता. वाटी भरली की गप्प बसायचा, नाहीतर टकटक टकटक चालूच. मी चावी फिरवून नुसता कान दिला. पंप थांबतच नव्हता.

सुई काढली, साफ केली, फुंकून पाहिली. तीत काही दोष नव्हता. मग पुढच्या कार्बोरेटरचा फ्लोट काढून कानाशी हलवला, तर आत पेट्रोल खळखळलं. गरम पाण्यात बुडवल्यावर सांध्यातून बुडबुडे आले. तिथेच बारीक भोक होतं. आतलं पेट्रोल उडून जाईपर्यंत फ्लोट गरम पाण्यात ठेवला आणि कल्हईवाल्याच्या भट्टीवर बसून स्वतःच्या हाताने भोकावर कथलाचा डाक लावला, अगदी थेंबभर. जास्त लावला तर फ्लोट जड होतो. पुन्हा गरम पाण्यात धरला, तर एक बुडबुडा नाही. मला एवढा आनंद झाला की तो मी फडक्यात गुंडाळून घरीच आणला आणि वडिलांना दाखवला.

त्यांनी तो दिव्याजवळ धरून सगळीकडून पाहिला. फ्लोटच्या मधोमध आरपार भोक असतं, त्यातून एक सळई जाते आणि फ्लोट तिच्यावर वरखाली सरकतो. वडिलांनी त्या भोकात करंगळी घालून पाहिली. "ह्यो बुडलो की गाडी बंद?" त्यांनी विचारलं.

"बुडलो नाय तरी, अडाकलो की बंद," मी म्हटलं. पोरं घरी येऊन शाळेतलं सांगतात ना, तसं मी सगळं सांगितलं. फ्लोट कोनाड्यात ठेवला आणि जेवायला बसलो.

सकाळी तो नेऊन बसवला. जरा जास्त चकाकतोय असं वाटलं, पण मीच घासला होता. पंप थोडा टकटकला आणि गप्प झाला. इंजिनाने असा काही सूर धरला की शेजारच्या पडवीतली माणसं उठून बघायला आली.

साहेब मला न्यायला गाडी आमच्या वाडीत घेऊन आला. वडील नारळ घेऊन उभेच होते. आमच्याकडे गाऱ्हाण्याशिवाय कशाची सुरुवात होत नाही. एकाने देवाला सांगायचं आणि बाकीच्यांनी होकार भरायचा. वडिलांनी गाडीसमोर नारळ धरला.

"बा देवा म्हाराजा, आज माझो झील घाट चढूक निघालो हा."

"व्हय म्हाराजा."

"वाटेर काय इडापिडा आडवी येयत, ती दूर कर."

"व्हय म्हाराजा."

"आणि जसो जाता, तसो माका परत घराक हाडून पोचय रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

नारळ फुटला. आईने डोळे पुसले. आम्ही निघालो.

सावंतवाडीपर्यंत गाडी वाऱ्यासारखी गेली. साहेब गाणं म्हणत होता. दाणोलीला, घाटाच्या पायथ्याशी, चहाला थांबलो. इंजिन तापलेलं होतं, जरा निवू दे म्हटलं. चहा झाला, साहेबाने चावी फिरवली आणि मला पंप ऐकू आला. टकटक टकटक, थांबायचं नाव नाही. "बंद करा," असं मी म्हणेपर्यंत त्याने इंजिन चालू केलं होतं. वाटीवरून ओघळलेलं पेट्रोल धुराच्या तापलेल्या नळकांड्यावर पडलं आणि भडका उडाला.

चहावाल्याने आणि मी मिळून माती टाकून आग विझवली. बॉनेटचा रंग पोळून फुगून आला. माझे तळहात भाजले. त्याच हातांनी मी वाटीचं झाकण उघडलं. फ्लोट खालीच बसलेला. बोटाने उचलायला गेलो तर उचलेना, सळईला चिकटला होता. ओढून काढला, तर आतल्या भोकात पिवळसर चिकट थर. वास घेतला.

तो वास ओळखायला मला कुणी शिकवायला नको होतं. पेट्रोलमध्ये राळ मऊ झाली होती, आणि थांबल्यावर इंजिनाच्या उष्णतेने वाटीतलं पेट्रोल उडालं तशी ती सळईला धरून बसली होती.

"हे काय आहे?" साहेबाने विचारलं. मी काय सांगणार? बाप म्हणून एक माणूस आहे घरी, त्याला विचारा? साहेब पोळलेल्या बॉनेटकडे बघत म्हणाला, "होडीवाल्याच्या हातात गाडी दिली, चूक माझीच." मग ट्रकवाल्याला थांबवून त्याने गाडी माघारी ओढून नेली. माझ्याकडे त्याने वळूनही पाहिलं नाही. मी दुसऱ्या एका ट्रकच्या मागे, कोळशाच्या पोत्यांवर बसून परत आलो. वाटभर मी स्वतःशी वडिलांची बाजू घेत होतो, हेही सांगतो. अडाणी माणूस. होडीचा सांधा बुजवतात तसा फ्लोटचा बुजवला असेल, पोराची गाडी बुडू नये म्हणून. मायेने केलं असेल. बांद्याच्या फाट्यापर्यंत मी त्यांना माफही करून टाकलं होतं.

घरी आलो तेव्हा वडील अंगणात हात पुसत होते. दिवसभर होडीला राळ भरली होती. हाताला चिकटलेली राळ ते घासलेटच्या बोळ्याने काढत होते, माझ्या लहानपणापासून काढत आले तशीच. मलाही त्यांनीच शिकवलं होतं, पाण्याने जात नाही, घासलेट लाव, लगेच सुटते.

मी तिथेच उभा राहिलो. राग असा चढला की भाजलेल्या हातांची आग विसरलो.

"बाबा, राळ घासलेटान सुटता. मगे पेट्रोलान सुटतली, ह्या तुका म्हायत नाय होता?"

त्यांनी बोळा खाली ठेवला. "म्हायत होता."

"मगे लावलंस कित्याक?"

"तू गेल्यार होडयेर कोण आसा?" एवढंच. आवाज चढवला नाही की मान खाली घातली नाही. आई दारात येऊन उभी राहिली होती.

"आणि सकाळी देवाक खोटा सांगलंस," मी म्हटलं. "गाऱ्हाणा घातलंस माझ्या नावान."

"खोटा खंय सांगलंय?" ते म्हणाले. "मी काय मागलंय तां आठव."

मी आठवलं. गाडी कोल्हापूरला पोचू दे, असं ते म्हणालेच नव्हते. झिलाक घराक हाडून पोचय, मुलाला घरी आणून पोचव, एवढंच म्हणाले होते. देवाने ऐकलं होतं.

गाडी जाळली ही बातमी माझ्याआधी बाजारात पोचली होती, त्यामुळे शेडमध्येही मला कुणी उभं करेना. हात बरे झाल्यावर मी होडीवर गेलो, आणि वडील हयात होते तोवर जात राहिलो. ओकाऱ्या कधी थांबल्या नाहीत. ते गेले तेव्हा मी रडलो, पण माफ केलं असं कुणी समजू नये. वाडीत गाऱ्हाणं असलं की मी जातो, हात जोडतो, पण होकार भरत नाही. लोक माझ्याकडे बघतात, बघू देत. त्या सकाळी नारळासमोर सगळ्यांत मोठ्याने "व्हय म्हाराजा" मीच म्हटलं होतं.