दगडी माकड

रविवारी सकाळी फोर्टमधले रस्ते मोकळे असतात, म्हणून मी आणि माझी मैत्रीण विजू तिथे नुसत्याच भटकायला जातो. मागच्याच आठवड्यात डॉक्टरांनी तिच्या मानेला पट्टा लावला आणि वर बघायचं नाही, असं बजावलं. तरी चौकातल्या जुन्या इमारतीपाशी पोचताच तिने पट्टा काढून माझ्या हातात दिला.

"विजू, डॉक्टर काय म्हणाले?"

"दोनच मिनिटं गं. माझं माकड आहे वर."

ती फुटपाथच्या मधोमध मान वर करून उभी राहिली. मुंबईत एकाने वर बघितलं की सगळेच बघतात. कुत्र्याला फिरवणारे एक काका घाबरून थांबले.

"काय झालं? कोणी पडतंय का?"

"नाही हो. त्या खिडकीच्या कोपऱ्यात बघा, दगडी माकड. फळ खातंय."

काकांना ते दिसलं आणि ते लहान मुलासारखे हसले. ज्याने ते कोरलं, त्याला ठाऊक असणार, एवढ्या उंचावर फारशी कुणाची नजर जायची नाही. तरी त्याने शेपटीचा पीळसुद्धा मन लावून काढलाय. त्याची ती हौस वाया जाऊ नये, याची काळजी ही दुखऱ्या मानेची बाई वाहते.

थोडं पुढे गेल्यावर तिने आपणहून पट्टा मागून घेतला आणि बांधला. पुढच्या इमारतीपाशी मात्र तिने माझा दंड धरला. तिची नजर समोर रस्त्यावरच होती.

"इथे वर पोपटांची जोडी आहे," ती म्हणाली. "बघ, आणि कशी दिसते ते मला सांग."