हसनाबादचा परदेशी

चहा घेताय ना? मंग कप आधी खाली ठेवा. मी जी माती खाल्ली ती ऐकताना भल्याभल्यांच्या धोतरावर चहा सांडलेला मी पाह्यलाय.

निजामावर पोलीस ॲक्शन होऊन चार-पाच वर्षं झाली होती. जालन्यात झुंबरलाल शेठच्या कापसाच्या जिनिंगात मी कारकून होतो. गाव हसनाबाद, घरी शेती, आणि साऱ्या खानदानात पहिला मॅट्रिक मी. शाळा सगळी उर्दूतून, इंग्रजी फक्त एक विषय. पण त्या एका विषयाची घमेंड काय विचारता! हमाल अडाणी, मुकादम अडाणी, आणि शेठ म्हंजे पैसेवाले अडाणी. जिनिंगात कुणी तोंड उघडलं का मला त्याची कीव यायची.

त्या साली शेठनं सरकीचं तेल काढायची मशीन थेट जर्मनीहून मागवली. ती बसवायला तिकडचाच एक फिटर आला, वेबर साहेब. व्हिसा तो घेऊनच आल्ता. पण परदेशी माणूस कामाला लावायचा तर इथलं परमिट पायजे, पोलिसात नोंद पायजे, आणि त्यासाठी औरंगाबादच्या कचेरीचा चार पानी इंग्रजी फॉर्म भरायचा.

शेठ म्हणाले, वकिलाकडून भरून घेऊ. मला हसूच आलं. म्हटलं, शेठजी, असल्या किरकोळ कागदाला वकील कशाला? उगाच खर्चा. शेठला ठाण्या-कचेरीचा भारी कंटाळा. ते म्हणाले, मंग कारखान्याकडून मुखत्यार म्हणून तुमचंच नाव टाका.

फॉर्मात दोन रकाने होते. एक एम्प्लॉयर, दुसरा एम्प्लॉयी. आता तुम्हीच सांगा, राइट करतो तो रायटर, रीड करतो तो रीडर. मंग एम्प्लॉयमेंट, म्हंजे नोकरी, करतो तो कोण? एम्प्लॉयर! बराबर ना? तिथं मी वेबर साहेबाचं नाव लिवलं. राह्यला एम्प्लॉयी, तो आपोआप नोकरी देणारा झाला. तिथं मुखत्यार म्हणून माझं नाव. पुढं विचारलं होतं, कंट्री कोणती. मी म्हटलं, मुलूख विचारून राह्यलेत. लिवलं: हसनाबाद. किती दिवसांचं काम? तीन महिने. खाली अशी झोकदार सही ठोकली का वेबर साहेब बघतच राह्यला. डिक्शनरी टेबलावरच होती. पण ती उघडायची म्हंजे आपल्याला येत न्हाई हे कबूल करण्यासारखं.

औरंगाबादच्या बाबूला हसनाबाद इराणच्या बाजूला वाटलं असावं. त्यानं शिक्का मारून कागद सोडून दिला. पंधरा दिवसांनी परमिट आलं. मी पाकीट फोडलं, शिक्का पाह्यला आणि कपाटात टाकून दिलं. शिक्क्याच्या खालचं वाचायची गरज अडाण्याला पडते, असा माझा हिशेब.

त्यानंतर पंधरा दिवसांनी आष्टीहून एक सोयरीक आल्ती. मुलीचे वडील, दाजीबा पाटील, मला पाहायला जिनिंगात आले. जाड धोतर, पायात धुळीनं माखलेला जोडा, बोलणं कमी. मी मनात म्हटलं, मुलगी चांगली असंल तर असू दे, पण सासरा बिलकुल खेडवळ. त्यांच्यासमोर मुद्दाम चार इंग्रजी शब्द फेकले. ते नुसती मान हलवत बसले.

तेवढ्यात ठाण्याचे जमादार दारात उभे. हातातला कागद मोठ्यानं वाचत म्हणाले, "रंगनाथ दगडू, परदेशी, मुलूख हसनाबाद. हाजिर हाय का?"

मी म्हटलं, रंगनाथ मीच, पण परदेशी तो तिकडं मशीनपाशी उभा हाय. जमादारानं मला वरून खालपर्यंत पाह्यलं. त्यांच्या कागदावर परदेशी एकच होता, आणि तो मी. मला दर सोमवारी ठाण्यात हजेरी होती. दोन सोमवार चुकले होते. जालन्याबाहेर जायला इजाजत लागत होती.

"मंग गेल्या इतवारी बदनापूरला कसे गेल्ते?"

गेल्तो खरा, मावशीकडं. आणि सगळ्यात वर, तीन महिने भरले का मालकानं मला माझ्या मुलखात परत पोचवायचं होतं.

"कोण मालक?" बोलणं ऐकून आलेल्या शेठनं विचारलं.

जमादारानं वेबर साहेबाकडं बोट केलं.

शेठनं कपाटातून परमिट काढून वकिलाकडं धाडलं. वकिलाचा निरोप आला: साहेबाच्या नावानं परमिटच न्हाई, त्यानं मशीनला हात लावला तर गुन्हा हुईल. अर्धी मशीन बसलेली, आवारात सरकीचे ढीग. शेठ ओरडले न्हाईत. हळूच म्हणाले, "रंगनाथराव, संध्याकाळपर्यंत हे निस्तरा. न्हाईतर उद्या येऊ नका."

नोकरी चालली, सोयरीक चालली, आणि मी जमादाराच्या मागं मागं भर बाजारातून चाललो. संगं वेबर साहेब. आणि दाजीबा पाटीलही आले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण आले.

फौजदारानं कागद उलटसुलट पाह्यला. मला पाह्यलं. हसू दाबून म्हणाले, चूक दिसतेच हाय, पण कागदावर मालक हे साहेब, तेव्हा लिहून त्यांनीच द्यायला पायजे. वेबर साहेबाला मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत समजावलं. त्यानं चष्मा लावला, फॉर्म पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. म्हंजे जे मी केलं नव्हतं ते त्यानं केलं. मंग पेन घेऊन दोन ओळी लिवल्या आणि सही केली. फौजदार वाचून खुर्चीतच मागं कलंडले.

मी कागद पाह्यला. साहेबानं लिवलं होतं, हा माणूस माझा नोकर न्हाई. असता तर पहिल्याच दिवशी काढून टाकला असता.

दाजीबांनी विचारलं, काय लिवलं साहेबानं?

मी घसा खाकरला. म्हटलं, साहेब लिवतात, असा माणूस त्यांना मिळाला न्हाई याचं त्यांना फार वाईट वाटतं.

दाजीबांनी मान हलवली.

नवा फॉर्म वकिलानं भरला. परमिट जल्दी आलं, मशीन चालू झाली, शेठनं मला ठेवून घेतलं, फक्त इंग्रजी कागद माझ्या टेबलावर यायचे बंद झाले. आणि आष्टीहून चक्क होकार आला.

लग्नाच्या पंगतीत कळलं, दाजीबांनी तरुणपणी रेल्वेच्या मालधक्क्यावर पंधरा वर्षं इंग्रजी पावत्या लिवल्या होत्या. साहेबाच्या दोन्ही ओळी त्यांनी माझ्या खांद्यावरून वाचल्या होत्या, माझ्या आधी.

माझा घास हातातच राह्यला. विचारलं, मंग मामा, मुलगी दिली कशी?

ते शांतपणे भात कालवत म्हणाले, "जावई लबाड निघंल याचीच भीती होती. तुम्हाला पाह्यलं आन्‌ ती गेली. लबाडीला अक्कल लागते."